चाकांवरचं बिऱ्हाड

सुदेशच्या घरातली कणीक मळायला सगुणा शारजात आली नव्हती. पण आल्या दिवसापासून ती तेच करत होती.

सुदेश तिचा पुतण्या, मोठ्या दिराचा मुलगा. अल मजाजच्या एका उंच इमारतीत त्याचं बिऱ्हाड. खिडकीतून खाली खाडीचं निळं पाणी, काठाने खजुराची झाडं, संध्याकाळी दिव्यांची माळ. बघायला देखणं होतं. पण खिडकीतून माणूस बघून बघून किती बघणार? सकाळी सोनम, सुदेशची बायको, पर्स खांद्याला लावून ऑफिसला जायची. सुदेश दुबई मरीनाच्या साइटवर जायचा. तिथे तेव्हा नुसते खड्डे आणि क्रेनी. घरात उरायची सगुणा, त्यांची लहान संजना आणि भांड्यांचा ढीग.

"काकी, तुम्ही आहात म्हणून मला काही टेन्शन नाही बघा," सोनम गोड बोलून जायची. गोड बोलणाऱ्यावर रागावताही येत नाही, तीच त्यातली खोच.

संजनाला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "बाळा, भात वाढू?" "नो आजी, आय ॲम फुल." शब्द कळला नाही तरी सगुणाला मान हलवलेली कळायची.

आणि नवरा? केरू हमरिया फ्री झोनमधल्या एका यार्डात फॅब्रिकेटर. राहायला कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत आठ पुरुष. तिथे बायकांना प्रवेश नाही. तो संध्याकाळी पुतण्याच्या घरी यायचा, सोफ्याच्या कडेवर टेकून चहा प्यायचा, "बरी आहेस ना?" विचारायचा आणि शेवटची गाडी पकडून निघून जायचा. नवरा-बायको एका देशात, पण तो पाहुणा आणि ती मोलकरीण.

खरं म्हणजे त्यांचा संसार असा कधी मांडलाच गेला नव्हता. लग्न झालं आणि दोन वर्षांत केरू आखातात गेला. गावी सुरुवातीला सासूची चूल, सासू गेल्यावर थोरल्या जावेची. केरू रजेवर यायचा तो सगळ्या घराचा पाहुणा. भाऊ, भाच्या, सोयरे, शेजारी, सगळ्यांचं करून उरला तर बायकोचा. रजा संपायची आणि सगुणाच्या लक्षात यायचं की, अरे, ह्या माणसाला आपण आपल्या हाताने, आपल्या चुलीवर, आपल्या मर्जीने असं काही करून घातलंच नाही.

म्हणून ह्या खेपेला केरूने वेगळंच केलं. रजा घेतली आणि गावी गेलाच नाही. फोन करून म्हणाला, "ह्या टायमाला तूच ये." कॅम्पात सगळे हसले. रजा घेऊन वाळवंटातच राहणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा बघितला होता. केरूच्या मनात तिच्यासाठी खोली बघायची होती. पण सुदेश म्हणाला, "काका, आमच्याकडे राहू दे की काकीला." आणि केरू 'हो' म्हणाला. केरू सगळ्यांनाच 'हो' म्हणायचा. पोळी करपली तरी 'छान झालीय' म्हणणारा माणूस.

त्या संध्याकाळी चहा पिताना तो उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"आमच्या यार्डात ग्रॅहम साहेब होता ना, ऑस्ट्रेलियाचा. तो गेला परत. त्याची कॅम्पर ट्रेलर मला देऊन गेलाय."

"काय देऊन गेला?" सगुणाने विचारलं.

"दोन चाकांची पेटी असते गो. गाडीच्या मागे जोडायची. झाकण उघडलं की वर तंबू उभा राहतो, आत बिछाना. मागच्या बाजूला फळी ओढली की शेगडी आणि मोरी. तो मला फोटो दाखवायचा. तिकडे लांब लांब माळ आहेत, मेंढरांची मोठी मोठी शेतं. हा आणि ह्याची बायको ती पेटी घेऊन मित्रांच्या गावाला जायचे. जेवायला मित्राच्या टेबलावर, झोपायला स्वतःच्या तंबूत. दुसऱ्या दिवशी पुढच्या मित्राकडे."

सगुणाने हातातली कपबशी खाली ठेवली. "म्हणजे पाहुणा, पण आपल्या घरातला पाहुणा."

"हां. तसंच."

"मग ती पेटी आहे कुठे?"

"यार्डाच्या मागे. मी कापड शिवून घेतलं, चाकं बदलली. टाइमपास आपला."

"आणि ओढायला गाडी?"

"आमच्या यार्डातल्या जोकिमकडे पिकअप आहे. तो म्हणालाही होता, बायकांना घेऊन आपण चौघं जाऊ या एकदा. पण म्हटलं..." केरूने सुदेशकडे बघितलं आणि त्याचं वाक्य तिथेच बसलं.

सुदेश हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "काका, बी प्रॅक्टिकल. ते ऑस्ट्रेलिया आहे. इथे लेबर कॅम्पातली माणसं टूरिस्ट म्हणून फिरत नाहीत. लोक हसतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील," सगुणा म्हणाली.

"काकी, तसं नाही. तिथे ना टॉयलेट, ना पाणी. दोन दिवसांत परत याल."

"मी काय लिफ्टमध्ये जन्मले होय रे? ओहोळावर धुणी धुऊन वाढलेली बाई मी."

"अहो पण काकी," सोनम मधे पडली, "नेक्स्ट वीक माझं ऑडिट आहे. संजनाचं कसं करायचं?"

आता मात्र सगुणा उठून उभी राहिली. पदर खोचला. "सुदेश, ऐक. तुझ्या काकाची रजा संपेपर्यंत मी ह्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार नाही. ठेवलं, तर माझा व्हिसा संपेपर्यंत तुझ्या घरची पोळी-भाजी, भांडी, पोर सगळं करीन आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही. पण नाही ठेवलं, तर ह्यापुढे काकीला बोलवायचं ते पाटावर बसवायला. ओट्यापाशी उभं करायला नाही."

केरूने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. पण कुणाला म्हणावं ते त्याला कळेना.

*

जोकिम यार्डातला स्टोअरकीपर. मूळ वसईचा, केरूचा जुना दोस्त. त्याची बायको सुझी शारजातल्या एका हॉटेलात लाँड्रीवर देखरेख करायची. सुझीचा आवाज असा की इंजिन चालू असतानाही मागच्या गाडीला ऐकू जावा.

"वैनी, पुढे बसा. मागे केरूभाऊंना बसू द्या, त्यांना काय, ते रस्त्यालापण 'हो' म्हणतात."

जानेवारीचे दिवस. हवा कोरडी, गार. धैदच्या पुढे वाळू लाल झाली, मग काळे डोंगर सुरू झाले. झाडाचं पान नाही असे डोंगर सगुणाने आधी बघितले नव्हते. एखाद्या म्हातारीने लुगडं फेडून नुसतं अंग उन्हात टाकलं आहे, असे ते दिसत होते. मागच्या काचेतून ती सारखी पेटी बघत होती. ताडपत्री बांधलेली, धूळ उडवत येणारी. आपलं घर आपल्या मागून चालत येतंय, ह्याची तिला एकीकडे मौज वाटत होती आणि एकीकडे भीती, की वाटेत कुठे सुटून पडेल.

मसाफीच्या बाजारात जोकिमने गाडी थेट दुकानाच्या तोंडाशी नाक घालून उभी केली, आणि मग कळलं की त्याला ट्रेलर लावून मागे घेता येत नाही.

"डावीकडे! डावीकडे रे! तुझं डावं, माझं नाही!" सुझी ओरडत होती.

जोकिम चाक डावीकडे फिरवी, तर पेटी उजवीकडे जाई. उजवीकडे फिरवी, तर ती आडवी होऊन कोपरात वाकल्यासारखी उभी राही. दुकानदार बाहेर येऊन "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, निघा, करू लागला. शेवटी केरू खाली उतरला, हूक काढलं, आणि दोघांनी मिळून पेटी हाताने ढकलत फिरवली.

"आता पुन्हा अशा ठिकाणी शिरायचंच नाही, जिथून मागे यावं लागेल," जोकिम घाम पुसत म्हणाला. "खलास. फक्त पुढे."

सगुणाने तिथून दूध घेतलं आणि एक नारळ. नारळ तीन दिऱ्हमला. "म्हणजे चाळीस रुपये? अहो, आमच्या परसात पडून कुजतात!" असं म्हणून तिने तो तरीही घेतला. नव्या घरात जायचं तर नारळ हवाच.

पहिला मित्र म्हणजे नागेश. केरूच्याच वाडीतला, केरूबरोबर एकाच विमानाने आलेला. आता दिब्ब्याजवळच्या एका मोठ्या बागेत पाण्याचे पंप सांभाळायचा. त्याची बायको नर्मदा सगुणाला एस्टीपर्यंत पोचवायला आली होती. पिशवीत कुळथाचं पीठ, सुकट, आमसुलं घालून दिली होती आणि म्हणाली होती, "फोनवर ते 'बरा आहे' एवढंच बोलतात गो. बरा म्हणजे कसा, ते तू डोळ्यांनी बघून ये. आणि समोर बसवून पिठी घाल. मी घातल्यासारखी."

बागेकडे जाणारी वाट अरुंद. एका बाजूला कोरड्या नदीचा दगडगोट्यांनी भरलेला पाट, दुसऱ्या बाजूला बागेचं तारेचं कुंपण, आणि वाट संपते तिथे बागेचं लोखंडी फाटक. फाटकाला भलंमोठं कुलूप. जोकिमने गाडी थांबवली आणि मग डोक्याला हात लावला.

"शिरलो बघ! पुन्हा शिरलो!"

तेवढ्यात कुंपणाच्या आतून नागेश आला. वाळलेला, उन्हाने काळवंडलेला. सगुणाला बघून त्याने आधी हात तोंडावर धरला. तिला वाटलं, रडतोय. पण तो रडत नव्हता. त्याचे पुढचे दोन दात गेले होते, आणि ते दिसू नयेत म्हणून तो हात काढतच नव्हता.

'दात नाहीत, शब्द फुसकतात, म्हणून फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही होय,' सगुणा मनात म्हणाली.

"वैनी, आत नाही येऊ देणार," नागेश हाताआडून म्हणाला. "आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, लय कडक आहे. फॅमिली चालत नाही. आता तो गावात गेलाय, पण उद्या येईल."

"आम्ही आत येतोय कशाला? आमचं घर आमच्याबरोबर आहे," सगुणा म्हणाली. "तुम्ही उद्या दुपारी जेवायला बाहेर या. शुक्रवार आहे ना, सुट्टी असेल. आणि तुमचे सोबती असतील, त्यांनापण आणा."

*

कुंपणाला लागून पेटी उघडली. झाकण उलटलं, कापड ताणलं, खांब उभे केले, आणि बघता बघता वाळूत एक खोली उभी राहिली. सगुणाने तंबूच्या दाराशी नारळ फोडला. शेगडीला हळद-कुंकू लावलं. सुझीने मागून येऊन दारावर बोटाने क्रूस काढला. "आमच्याकडूनपण असू दे. दोन देव असले की वारा आलाच तर कुणीतरी तंबू धरेल."

आणि मग सगुणाने पातेल्यात दूध ठेवलं. नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटवली की दूध उतू घालायचं असतं. घर भरून वाहतं त्याने. तिने जावेच्या नव्या घरात ते बघितलं होतं, नणंदेच्या घरात बघितलं होतं, सुदेशच्या फ्लॅटचा फोटो आला होता त्यातही सोनम दुधाच्या पातेल्यापाशी उभी होती. आज पहिल्यांदा तिचं स्वतःचं दूध. दूध वर आलं, फुगलं, काठावर थरथरलं. "येऊ दे, येऊ दे," ती म्हणाली. आणि ते आलं. पातेल्यावरून धो धो उतरलं आणि शेगडीत शिरलं. ज्योत फस्सकन विझली.

चुलीत दूध पडलं तर राख ते पिऊन टाकते, चुलीचं भागतं. ग्रॅहमच्या त्या जुन्या शेगडीचं भागलं नाही. करपलेलं दूध बारीक भोकात जाऊन बसलं. केरू म्हणाला, "थांब, मी बघतो." जन्मभर लोखंडाशी झटलेला माणूस, त्याने तार घातली, जरा जोर लावला, आणि पितळेचा तो नाजूक तुकडा कट्कन तुटला. पेटवून बघितलं तर हातभर पिवळी ज्वाळा. त्याने घाईघाईने सिलिंडर बंद केला.

"खलास," जोकिम म्हणाला.

"हा पार्ट मिळणार नाही इथे," केरू खाली बघत म्हणाला. "सगुणा, मी काय म्हणतो, उद्या नागेशला भेटू, बिस्किटं-बिस्किटं देऊ, आणि संध्याकाळपर्यंत सुदेशकडे... त्याला काय सांगायचं ते मी सांगीन."

सगुणाने एकदा नवऱ्याकडे बघितलं. तिला सोनमचा ओटा दिसला. स्वच्छ, पांढरा, चार शेगड्यांचा. आणि त्यापुढे व्हिसा संपेपर्यंत तोंड शिवून उभी राहिलेली एक बाई.

"काय सांगाल? दूध उतू गेलं म्हणून तुझ्या काकीचा संसार मोडला, असं?"

"तसं नाही गो..."

"अहो, तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना 'हो' म्हणालात. आता एकदा मला म्हणा. बाकीचं मी बघते."

केरूने मान हलवली, आणि ती मान 'हो' अशी हलली होती.

सगुणा नदीच्या पाटात उतरली. पायाखालचे गोटे सोडून ती वरच्या अंगाला गेली, कारण पाटाच्या तळाचा दगड आत ओल धरून असतो, तापला की फुटतो. एकावर एक आपटून, आवाज ऐकून तिने तीन दगड निवडले. केरू मागोमाग आला आणि न विचारता त्यातले दोन त्याने उचलले. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या घरचं ओझं त्याच्या हातात होतं.

नागेशने कुंपणावरून सुक्या झावळ्या टाकल्या. खजुराच्या असल्या तरी झावळ्याच त्या. कोकणातल्या बाईला त्यांचं जळण शिकवावं लागत नाही.

*

शुक्रवारी दुपारी चुलीवर कुळथाची पिठी रटरटत होती. सगुणा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, सुझी सुकट भाजत होती. "वैनी, ह्याच्यात आमचा बाटलीतला मसाला घालू? वसईचा आहे." "घाल. पण पिठीला हात लावशील तर बघ." नागेश कुंपणाच्या फटीतून बाहेर आला होता. त्याच्याबरोबर एक बंगाली आणि दोन पठाण, धुतलेले कपडे घालून, लग्नाला आल्यासारखे लाजत. सगळे वाळूत रांगेने बसले. सगुणाने पंगत वाढायला घेतली.

झावळ्यांचा धूर मात्र सरळ आभाळात गेला होता. गॅसची शेगडी असती तर कुणाला काही कळलं नसतं. तो धूर रस्त्यावरून मुदीरने बघितला.

तो कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला गाडी ठेवून आतून चालत फाटकाशी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा, कुठल्यातरी उत्तरेकडच्या मुलखातला.

"ये क्या तमाशा है? आग किसने लगाई? और ये औरतें? यहाँ फॅमिली मना है, मालूम नहीं?"

पंगतीतले हात थांबले. नागेशने ताट जरा मागे सरकवलं. केरू उभा राहिला, "साब, हम अभी..." म्हणू लागला. सगुणाने हातातली पळी मधे धरली.

"आग नहीं, चूल है," ती म्हणाली. तिचं हिंदी तेवढंच होतं, पण आवाज पुरेसा होता. पळीने तिने कुंपण दाखवलं. "ये तुम्हारा तार. तार के अंदर तुम साहेब. तार के बाहेर ये मेरा घर. मेरे घर में मेरा मेहमान जेवतो."

"घर? ये घर है?" तो पेटीकडे बघून हसला.

"तुम्हारा किधर है?" सगुणाने विचारलं. "बायको किधर है तुम्हारी?"

त्याचं हसू गेलं. "बकवास बंद. अभी के अभी गाडी पीछे लो और निकलो."

"साहेब, पीछे नहीं जाती," जोकिम म्हणाला.

"क्या मतलब?"

"मतलब मुझे आती नहीं."

"पीछे लो बोला!"

जोकिमने खरंच प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला. त्याने पिकअप सुरू केली, चाक फिरवलं, सुझीने "तुझं डावं!" म्हणून आरोळी ठोकली, आणि तंबूसकट पेटी गर्रकन वळून वाटेत आडवी झाली. आता वाटेवरून सायकलसुद्धा गेली नसती. जोकिम खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "देखा?"

"तो आगे से घुमाओ!"

"आगे तुम्हारा गेट है," सुझी म्हणाली. "खोलो, अंदर से घुमा लेते हैं. पण फॅमिली मना है ना, साहेब?"

मुदीर किल्ल्यांचा जुडगा नुसता खुळखुळवत राहिला. उघडावं तर आपलाच नियम मोडतो, न उघडावं तर ही ब्याद जात नाही. बंगाल्याला हसू फुटलं, ते त्याने भाकरीत दाबलं.

एवढ्यात केरूचं तोंड उघडलं. "हूक काढलं ना, तर हातानं..."

सगुणाची टाच त्याच्या पायावर पडली. "अहो, पिठी लागतेय खाली. ढवळा," ती म्हणाली आणि पळी त्याच्या हातात दिली. केरू चुलीपाशी उकिडवा बसला आणि मन लावून पिठी ढवळू लागला.

बाहेरच्यांवर जोर चालेना, तसा मुदीर आतल्या माणसाकडे वळला. "नागेश! अंदर चलो. अभी. नहीं तो अगले जुम्मे की छुट्टी भूल जाओ."

आता कुणीच हसत नव्हतं. नागेशने मान खाली घातलेली. सगुणाला वाटलं, हा उठणार. उठला तर तिने नर्मदेला काय सांगायचं? की तो बरा आहे, अर्ध्या ताटावरून उठतो?

नागेशने हात पुढे केला, भाकरीचा तुकडा मोडला, पिठीत बुडवला, तोंडात घातला. पुढचे दात नव्हते म्हणून दाढेने सावकाश चावला. सगळे बघत होते, पण त्याने घाई केली नाही. गिळून झाल्यावर तोंडावर हात न धरता वर बघितलं.

"खाना खा रहा हूँ, मुदीर. खा के आता हूँ."

मग एका पठाणाने ताट पुढे सरकवलं. "बहन, और रोटी." दुसऱ्याने मांडी पसरून बैठक पक्की केली.

मुदीर "बाद में देखता हूँ" म्हणून वळला.

"त्याला एक ताट देऊ या का?" केरू हळूच म्हणाला. "शांत होईल."

"भुकेल्याला देते मी, धमकावणाऱ्याला नाही. जेवायचं असेल तर इथे पंगतीत येऊन बसावं."

तो आला नाही. पिठी शेवटच्या थेंबापर्यंत संपली.

"वैनी, नर्मदेला सांगा," हात धुताना नागेश म्हणाला. "दात गेलेत म्हणून. मला सांगवत नव्हतं."

"सांगीन. भूक आहे तेही सांगीन. पण भावजी, माझ्यापायी तुमची सुट्टी गेली."

"जाऊ दे. जुम्मे येतच राहतात, कुळथाची पिठी कुठे येते?" तो हसला, फटीसकट.

चार वाजता जोकिमचा मोबाइल वाजला. सुदेश.

"काकी, दोन दिवस झाले. मी गाडी घेऊन येऊ का तुम्हाला न्यायला? सोनम म्हणते, रागावला असाल तर सॉरी."

"रागावले नाही रे. कामात आहे. माझ्याकडे माणसं जेवायला होती."

पलीकडे जरा खुडबुड झाली आणि बारीक आवाज आला. "आजी, व्हेअर आर यू?"

"घरी आहे, बाळा."

संजनाने विचार केला. "विच घर?"

"माझं. तुझ्या आईला घेऊन ये एकदा. मी वाढीन, ती बसेल."

*

शनिवारी सकाळी उजाडल्याबरोबर केरूने हूक काढलं. नागेश, बंगाली आणि दोन पठाण कामावर जाण्याआधी आले. "हैसा! हैसा!" करत त्यांनी पेटी वाटेत सरळ केली आणि जागच्या जागी फिरवली. तिचं तोंड रस्त्याकडे झालं. मग जोकिमची रिकामी पिकअप सहज मागे-पुढे होऊन वळली आणि पुढे येऊन उभी राहिली. अर्ध्या भाकरीचं काम.

फाटकाच्या आत मुदीर उभा होता. ही पेटी कालसुद्धा हाताने फिरवता आली असती, ते त्याला आज दिसत होतं. "दोबारा मत आना," तो म्हणाला.

"आऊंगी," सगुणा म्हणाली. "पुढच्या थंडीत. भाकरी जास्त आणूंगी."

आता खट् गावात पुढचा मित्र, खडीच्या क्रशरवर काम करणारा. सगळे गाडीत बसले तरी सगुणा बसेना. ती विझलेल्या चुलीपाशी गेली, राख वाळूत पसरली आणि काळे झालेले तिन्ही दगड गोणपाटात गुंडाळू लागली.

"वैनी!" जोकिमने डोकं बाहेर काढलं. "आपण खडीच्या क्रशरवर चाललोय! तिथे डोंगरच्या डोंगर फोडतात! आणि तुम्ही इथून दगड घेऊन निघालात?"

"ते त्यांचे दगड," सगुणा म्हणाली. "हे माझे. ह्यांच्यावर जेवण झालंय."

"अरे केरू, सांग ना बायकोला काहीतरी! आधीच गाडीला वजन झालंय!"

केरू खाली उतरला. त्याने गोणपाटाची दोन टोकं धरली, सगुणाने दोन. दोघांनी मिळून ते ओझं पेटीत, बिछान्याच्या पायथ्याशी ठेवलं.

"नाही सांगत," केरू म्हणाला. "चल, यल्ला."